डोळ्याला काळं, उजेडाला?

पारदर्शक फिल्मवर चित्र काढायचं काम एकेकाळी फक्त प्रोसेस स्टुडिओत नाहीतर आउटपुट सेंटरवर व्हायचं. आता घरच्या टेबलावरचा प्रिंटरही ते करतो. पण त्याच्यावर कितपत विसंबायचं, याबद्दलचा नाशिकमधला हा वाद. वाद घालणारे मामा-भाची कल्पित आहेत, मुद्दे खरे आहेत. मामांचं रविवार कारंज्याजवळ स्क्रीन प्रिंटिंगचं जुनं दुकान आहे. लग्नपत्रिका, स्टिकर, बिलबुकं आणि अंबड-सातपूरच्या कारखान्यांना लागणाऱ्या इलेक्ट्रिक पॅनेलच्या प्लेटा, हे त्यांचं काम. भाची गंगापूर रोडला राहते, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी घरच्या इंकजेटवर फिल्म छापून कापडी पिशव्या नि सायनोटाइप करते.

मामा : ही तुझी पॉझिटिव्ह. खिडकीशी धर. काय दिसतं?

भाची : अक्षरं. काळी कुळकुळीत.

मामा : आता मागून मोबाइलची बॅटरी लाव.

भाची : जरा तपकिरी दिसतायत. मधून बारीक आडव्या रेघाही दिसतायत.

मामा : संपलं. माझं एवढंच म्हणणं आहे. जाळीवर इमल्शन चढवायचं, अंधाऱ्या खोलीत वाळवायचं, वर पॉझिटिव्ह ठेवून काच दाबायची आणि उजेड द्यायचा. उजेड पोचतो तिथलं इमल्शन कडक होतं. काळ्याखालचं कच्चं राहतं, पाण्यानं धुऊन जातं आणि तेवढी जाळी उघडते. शाई उतरते ती त्या उघड्या जागेतूनच. तुझ्या काळ्यातून उजेड गळत असेल तर अक्षराच्या पोटातलं इमल्शनही अर्धवट कडक होणार. मग पाण्याचा फवारा मारत बस. जाड अक्षरं उघडतील. रफार, अनुस्वार, वेलांटीचं टोक उघडणार नाही. ते उघडावं म्हणून जोर केलास तर शेजारचं चांगलं इमल्शन सुटून येईल. ही फिल्म म्हणजे ओढून घेतलेलं, पण कडी न लावलेलं दार आहे.

भाची : ही साध्या कागदाच्या सेटिंगवर काढलेली आहे, मामा. मुद्दाम आणली, तुम्ही काय म्हणता ते ऐकायला. आता ही दुसरी बघा.

मामा : हं. ही बरी आहे. काय केलंस?

भाची : प्रिंटरला खोटं सांगितलं. साधा कागद सांगितला की तो बेताची शाई टाकतो, कारण कागद शाई पितो आणि जास्त झाली तर पसरते. फोटो पेपर, उत्तम दर्जा असं सांगितलं की डोकं सावकाश फिरतं आणि शाईचा थर वाढतो. काही प्रिंटरांत ‘ट्रान्सपरन्सी’ असा पर्याय असतो, पण तो प्रोजेक्टरसाठी केलेला. तिथं उजेड आरपार जायला हवा म्हणून शाई कमीच पडू शकते. आपल्याला उलटं हवंय.

मामा : आणि एवढी शाई त्या प्लॅस्टिकवर टिकते कशी? पूर्वी एकानं हौसेनं साधी पारदर्शक शीट इंकजेटमध्ये घातली होती. शाईचे थेंब थेंब झाले, आठवड्यानंही वाळेना.

भाची : साध्या पॉलिएस्टरवर तसंच होणार. शाईतलं पाणी मुरायला जागाच नाही. इंकजेटच्या फिल्मवर एका बाजूला लेप असतो, तो शाई धरून ठेवतो. बोट किंचित ओलं करून कोपऱ्याला लावायचं. जी बाजू चिकटते ती छापायची. उलट्या बाजूनं घातली की तुमच्या त्या हौशी माणसाची गत.

मामा : ही एक परीक्षा झाली. दुसरी मी सांगतो, ती जास्त महागाची आहे. इंकजेटची फिल्म चुकूनसुद्धा लेझर प्रिंटरमध्ये घालायची नाही.

भाची : हे मात्र शंभर टक्के मान्य.

मामा : लेझरमध्ये टोनरची भुकटी असते. ती चिकटवायला गरम रोलर असतो आणि तो साधारण १८० ते २०० अंशांपर्यंत तापतो. ती उष्णता सोसणारी फिल्म वेगळी मिळते. इंकजेटचा लेप नाहीतर पेनानं लिहायची जुनी ॲसिटेटची शीट त्या रोलरवर गेली की वितळून गुंडाळते. रोलरचं अख्खं युनिट बदलायची पाळी येते.

भाची : आणि फसगत अशी की या तिन्ही फिल्म दिसायला सारख्या. शाळा-कॉलेजांच्या कपाटात ओएचपीच्या, म्हणजे ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या, जमान्यातले गठ्ठे पडलेले असतात. एक पेनानं लिहायची, एक झेरॉक्सच्या मशीनची, एक इंकजेटची. पाकीट हरवलेलं असतं. अशी अनोळखी शीट कुठल्याच लेझरमध्ये घालू नये, फुकट मिळाली तरी.

मामा : ठीक. फिल्म बरोबर, बाजू बरोबर, सेटिंग बरोबर. तरी माझा भरवसा बसत नाही. डोळ्याला काळं दिसणं आणि उजेडाला काळं असणं, या दोन गोष्टी आहेत.

भाची : इथं तर मी तुमच्याच बाजूनं बोलते. तुमच्या कपाटात ती लाल मास्किंग फिल्म आहे ना, ब्लेडनं कापायची?

मामा : आहे की. मोठी अक्षरं, सपाट आकार असले की अजूनही कापतो. वरचा लाल पापुद्रा कापायचा, नको तेवढा सोलून काढायचा, खालची पारदर्शक शीट तशीच राहते.

भाची : ती डोळ्याला आरपार दिसते. तिच्यातून पलीकडचं वर्तमानपत्र वाचता येतं. आणि तरी तिच्याखालचं इमल्शन कच्चंच राहतं. कारण इमल्शनला कळतो तो जांभळा-निळा आणि त्याच्याही पलीकडचा अतिनील प्रकाश. लाल रंग तो अडवतो. म्हणजे डोळ्याला उघडं आणि उजेडाला बंद. माझ्या पहिल्या फिल्मचं याच्या उलट झालं. म्हणून फिल्म डोळ्यानं पास करायचीच नाही, इमल्शनकडून करून घ्यायची.

मामा : म्हणजे मोबाइलची बॅटरीही फसवू शकते.

भाची : फसवते. भोकं आणि रेघा दाखवायला ती चांगली. काळं किती पक्कं आहे ते तिला सांगता येत नाही. काही इंकजेटांत काळी शाई पिगमेंटची आणि रंगीत शाया डायच्या असतात. फोटो पेपरची सेटिंग केली की बरेच प्रिंटर ती काळी शाई वापरतच नाहीत, तिन्ही रंग मिसळून काळं करतात. ते मिश्रण डोळ्याला तपकिरी वाटलं तरी त्यातला पिवळा निळसर उजेड चांगला अडवतो. काही शायांत शुद्ध काळ्यापेक्षा लालसर नाहीतर हिरवट रंगच अतिनील जास्त अडवतो. प्रत्येक शाईचं वेगळं. करून बघितल्याशिवाय कळत नाही.

मामा : मग करून कसं बघतेस?

भाची : एक पट्टी छापते. त्यावर जाड रेघ, बारीक रेघ, जोडाक्षरं, छोटे ठिपके. जाळीच्या एका तुकड्यावर ती ठेवून पुठ्ठा सरकवत टप्प्याटप्प्यानं उजेड देते, म्हणजे एकाच पट्टीवर कमी-जास्त वेळ मिळतो. धुतल्यावर दिसतं. जिथं बाजूचं इमल्शन पक्कं झालंय आणि तरी बारीक रेघ उघडलीय, तो माझा वेळ. असा टप्पाच सापडला नाही, तर फिल्म कच्ची.

मामा : हे आम्ही गच्चीवर उन्हात करायचो. सकाळच्या उन्हाला एक हिशेब, बाराच्या उन्हाला दुसरा, पावसाळ्यात देवाची करणी. पुढं ट्यूबांचा डबा केला तेव्हा कुठं वेळ पक्का झाला. बरं, तुझी पट्टी चांगली. पण माझा खरा मुद्दा अजून आलाच नाही.

भाची : पॅनेलच्या प्लेटा.

मामा : हो. पिशवीवर कमळ छापलंस, दोन मिलिमीटर इकडंतिकडं झालं तर कमळ कमळच राहतं. पॅनेलच्या प्लेटेवर गोल भोकं आधीच पाडलेली असतात. त्याभोवती ‘चालू’, ‘बंद’, ‘ट्रिप’ हे बरोबर बसावं लागतं. सहा इंचात एक मिलिमीटर गेला की शेवटच्या बटणाचं नाव भोकात जातं. कारखान्याचा माणूस पट्टी लावून मोजतो आणि गठ्ठा परत पाठवतो. शिवाय दोन रंग असले तर दोन पॉझिटिव्ह एकमेकींवर तंतोतंत बसल्या पाहिजेत. म्हणून मी सेंटरवरून फिल्म आणतो. तिथं लेझरचा किरण थेट फोटोच्या फिल्मवर लिहितो, काळं म्हणजे पक्कं काळं, माप म्हणजे माप.

भाची : आणि ज्या दिवशी घाई असते, त्या दिवशी लेझर प्रिंटरवर ट्रेसिंग पेपर काढून काम भागवता. ते बघितलंय मी.

मामा : पत्रिकेला. एकरंगी पत्रिकेला चालतं.

भाची : चालतंच. पण माप कुठं बिघडतं, ते बघा. लेझरच्या गरम रोलरमधून ट्रेसिंग गेला की त्यातली ओल उडते, तो आक्रसतो, कडेनं वळतो. फिल्मही थोडी हलते. इंकजेटमध्ये तापायचा प्रश्नच नाही. म्हणून माप टिकवायचं असेल तर तुमच्या ट्रेसिंगपेक्षा माझी फिल्म बरी.

मामा : तापत नाही, पण घसरते. गुळगुळीत शीट आहे, रबरी चाकांची पकड सुटली की लांबी बदलते. आडवं माप बरोबर येईल, उभं येणार नाही.

भाची : हो, तसं होतं. म्हणून एकेकच शीट घालायची, मागं साधा कागद ठेवायचा. काही प्रिंटरांचा सेन्सर पारदर्शक शीट ओळखतच नाही, कागद नाही म्हणून ओरडतो. त्यासाठी काही कंपन्यांच्या फिल्मला एका कडेला पांढरी पट्टी असते. आणि चित्राच्या चारी कोपऱ्यांत शंभर मिलिमीटर अंतरावर फुल्या छापायच्या. बाहेर आली की स्टीलच्या पट्टीनं मोजायचं. उभं नि आडवं, दोन्ही.

मामा : आणि कमी भरलं तर?

भाची : तर ती फिल्म पॅनेलच्या कामाला नाही. पिशवीला आहे.

मामा : म्हणजे माझंच खरं झालं.

भाची : अर्धं. मोजल्यावर बरोबर निघाली तर ती घरी छापली म्हणून नाकारायची का? तुमचा कारखान्याचा माणूस प्लेट मोजतो, ती कुठं छापली ते विचारत नाही.

मामा : तो विचारत नाही, कारण त्याला माहीत असतं की मी विचारलेलं आहे. हे काम कुणाच्या तरी हाताखाली शिकून करायचं असतं. आपल्या त्र्यंबकचे दादासाहेब फाळके घे. सिनेमावाले म्हणून सगळे ओळखतात, पण त्याआधी ते आमच्या धंद्यातले. १८८५ मध्ये जे. जे. स्कूलमध्ये गेले. मग बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफी आणि ब्लॉकचं काम शिकले. लोणावळ्याला रविवर्म्याच्या छापखान्याचं फोटोलिथोचं काम केलं, स्वतःचा छापखाना काढला, १९०९ मध्ये रंगीत छपाईसाठी जर्मनीपर्यंत गेले. चित्र काचेवरून दगडावर, दगडावरून कागदावर नेताना कुठं काय बिघडतं ते त्यांना पाठ होतं. नंतर फिल्म हातात घेतली. एकदम उठून ‘राजा हरिश्चंद्र’ काढला नाही.

भाची : आणि फिल्म हातात घेतल्यावर काम कुठं झालं? दादरच्या घरात. १९१२ मध्ये त्यांनी लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला. कच्च्या फिल्मला कडेची भोकंही पाडलेली नसायची. ती अंधारात यंत्रावर पाडायच्या त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई. फिल्म धुण्याच्या कामातही त्या होत्या. भांडवल देणाऱ्यांना दाखवायला पहिली छोटी फिल्म केली ती कुंडीतल्या वाटाण्याच्या वाढीची, तीही घरीच. मामा, सरस्वतीबाई कुठल्या कलाभवनात गेल्या होत्या?

मामा : त्यांना शिकवणारा घरात होता.

भाची : मलाही आहे की.

मामा : बोलण्यात ऐकायची नाहीस. पण फरक सांगतो. त्या भोकांचं माप चुकलं असतं तर कॅमेऱ्यात फिल्म नाचली असती आणि सगळं मुसळ केरात. घरात केलं म्हणून ते सैल नव्हतं. १९१३ च्या मे महिन्यात मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, मग फाळके नाशिकला आले, इथं पुढचे सिनेमे केले. जागा बदलली, शिस्त बदलली नाही. तुझ्या पिढीला घर म्हणजे सवलत वाटते.

भाची : हे बोलणं लागलं, पण खोटं नाही. तरी एक विचारते. ती शिस्त यायला आधी शीट वाया घालवावी लागतेच ना? ती कुठं घालवायची? सेंटरवर फिल्म काढायची तर फाइल पाठवायची, थांबायचं, पैसे द्यायचे, मग कळायचं की वेलांटी बारीक झाली. पुन्हा फाइल. शिकणारा माणूस दोन खेपांत थकतो. घरी वेलांटी जाड करून तासाभरात दुसरी फिल्म हातात असते.

मामा : आमच्या काळी चूक महाग होती, म्हणून आधी विचार करायचो.

भाची : आणि विचार करून करायचं तेवढंच करायचात. नवीन काही करून बघायला धजावत नव्हतात. चाळीस वर्षांत तुम्ही फोटो किती वेळा छापलात जाळीवर?

मामा : फोटो? क्वचित. हाफटोनच्या ठिपक्यांची भानगड.

भाची : मी छापते. गोदावरीवरच्या रामकुंडाचा फोटो घेतला, कॉम्प्युटरवर ठिपक्यांत मोडला, ठिपके मुद्दाम ठळक ठेवले. जाळीच्या धाग्यांच्या संख्येला चार-पाचांनी भागून जेवढं येईल तेवढेच ठिपके इंचात बसवायचे, एवढं पथ्य पाळलं की पिशवीवर फोटो उतरतो. लांबून बघितला की पायऱ्या, पाणी, माणसं, सगळं दिसतं.

मामा : त्याच फोटोची रंगीत फिल्म काढून तू खिडकीला लावली होतीस ना? कशी फिकट दिसत होती. कागदावर तोच फोटो झकास.

भाची : ती मात्र प्रिंटरची चूक नव्हती. कागदावर उजेड शाईतून आत जातो, पांढऱ्या कागदावर आपटून परत शाईतूनच बाहेर येतो. दोनदा गाळला जातो. फिल्ममधून तो एकदाच जातो, म्हणून रंग निम्मे वाटतात. शिवाय घरचा प्रिंटर पांढरी शाई छापत नाही. चित्रातलं पांढरं म्हणजे फिल्मची मोकळी जागा. मागं झाड असेल तर ते हिरवं होणार. तेच चित्र दोन शीटवर छापून एकावर एक तंतोतंत लावलं, मागं पातळ पांढरा कागद दिला, की दिव्यासमोर सुरेख दिसतं.

मामा : कल्याणचे पटवर्धन आठवले. महादेव गोपाळ पटवर्धन. १८९० च्या दशकात ‘शांबरिक खरोलिका’ नावाचे खेळ करायचे. काचेच्या पट्ट्यांवर हातानं चित्रं रंगवायची आणि कंदिलाच्या उजेडानं पडद्यावर मोठी करून दाखवायची. रामायणातले प्रसंग असायचे. काचेवर रंगवणाऱ्याला हे तुझं शास्त्र हातानं माहीत असणार. पडद्यावर किती रंग उरेल तो अंदाज घेऊनच काचेवर रंग चढवायचा.

भाची : आणि ते सगळं घरच्या माणसांनी केलं. मुलंसुद्धा कामाला होती.

मामा : परत आलीस का घरावर!

भाची : येणारच. आणखी एक घर सांगते. १८४२ मध्ये इंग्लंडात जॉन हर्शेलनं सायनोटाइपची रीत शोधली. पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स या बाईनं समुद्रातलं शेवाळ थेट कागदावर ठेवून उन्हात ठसे घेतले आणि त्यांचं पुस्तक करायला घेतलं. फोटोंनी सजलेलं पहिलं पुस्तक म्हणून ते ओळखलं जातं. मी तेच करते, फक्त शेवाळाच्या जागी फिल्म असते. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड एकत्र करून कागदाला लावायचं, वाळवायचं, वर फिल्मची निगेटिव्ह ठेवून काचेखाली उन्हात ठेवायचं. नंतर नुसतं पाण्यात धुवायचं. निळं चित्र.

मामा : तो निळा मला ओळखीचा आहे. कारखान्यांत त्याला ब्लूप्रिंट म्हणायचे. माझ्या उमेदीत अमोनिया प्रिंट आली होती. ड्रॉइंग ऑफिसात शिरलं की डोळ्यांतून पाणी. ट्रेसिंगवर शाईनं काढलेलं ड्रॉइंग, त्याखाली तो कागद, वरून उजेड. ड्रॉइंग काढणाऱ्याला रेघेचा काळेपणा जपावा लागायचा, नाहीतर प्रिंटमध्ये रेघ मरायची.

भाची : म्हणजे काम तेच. पारदर्शक शीटवरचं काळं आणि त्यातून जाणारा उजेड.

मामा : तेच. फक्त एक सांग, सायनोटाइपला तू चित्र उलटं छापतेस ना?

भाची : हो. शाईची बाजू कागदाला टेकली पाहिजे. नाहीतर फिल्मच्या जाडीतून उजेड तिरका शिरतो आणि कडा भुरकट होतात. शाई खाली म्हणजे चित्र आरशातलं छापायचं. स्क्रीनला मात्र सरळ.

मामा : बरोबर. स्क्रीनला शाईच्या बाजूनं सरळ वाचता आलं पाहिजे. ती बाजू जाळीच्या बाहेरच्या अंगाला टेकवायची, मग आतून बघितलं की अक्षर सरळ. नवीन पोरं हमखास इथं चुकतात आणि अख्खी स्क्रीन उलटी निघते. हे तुला येतं म्हणजे तू निम्मी आमची झालीस.

भाची : मग निम्मं तुम्ही माझं ऐका. तो बायक्रोमेटचा डबा बंद करा.

मामा : जिलेटिन-बायक्रोमेटच्या इमल्शनवर आयुष्य गेलं माझं.

भाची : म्हणूनच सांगते. तो क्रोमियमचा विषारी प्रकार आहे. कातडीवर व्रण पाडतो आणि कर्करोगाला कारण होतो, हे पक्कं ठरलेलं आहे. आणि धुतल्यावर जातो कुठं? मोरीतून गटारात, गटारातून गोदावरीत. आपण त्याच रामकुंडाचे फोटो छापतो. डायझो नाहीतर फोटोपॉलिमरचं तयार इमल्शन वापरा, हातमोजे घाला.

मामा : दुकानात आता तयार इमल्शनच आहे. जुना डबा कपाटात पडून आहे, टाकायचा कुठं ते कळत नाही.

भाची : मोरीत नाही, कचऱ्यात नाही. घातक कचरा रीतसर उचलणाऱ्यांकडं द्यायचा. एमआयडीसीतल्या ज्या कारखान्यांच्या प्लेटा छापता ना, त्यांचा कचरा कोण नेतं ते विचारा. तोवर सील करून ठेवा.

मामा : विचारतो. आता शेवटचं. उद्या तुझ्यासारखा एखादा घरून फिल्म घेऊन दुकानात आला आणि म्हणाला, याच फिल्मवर माझ्या पाचशे पत्रिका काढा, तर? रफार बुजला तर तो कुणाच्या नावानं ओरडेल?

भाची : तुमच्या.

मामा : मग? फिल्म त्याची आणि अब्रू माझी, असा व्यवहार मी का करावा?

भाची : करू नका. त्याला सांगा, पट्टी दाखव. फुल्या मोजू, एक स्क्रीन करून बघू. पास झाली तर काम घेऊ. नापास झाली तर सेंटरवरून काढू, खर्च तुझा.

मामा : आणि तो म्हणाला, घरच्या प्रिंटरवर फुकट झालं असतं?

भाची : तर म्हणा, फुकट झालं ते शिकणं होतं. पत्रिका ही विक्री आहे.

मामा : हे वाक्य मी दुकानात लावतो. नोटा छापतात त्या गावात राहतो आपण. नाशिकरोडला १९२५ पासून सिक्युरिटी प्रेस आहे, १९२८ पासून नोटांचा छापखाना. तिथली पुष्कळ माणसं आमच्या ओळखीतली. छपाईत चूक म्हणजे काय, ते या गावाला शिकवावं लागत नाही.

भाची : म्हणूनच मी कॉलेजातल्या माझ्या मुलांना पहिल्या दिवशी सांगते, फिल्मवर काहीही छापा, नोट आणि स्टॅम्प सोडून. तो गुन्हा आहे, गंमत म्हणून केला तरी.

मामा : निदान त्यावर आपलं भांडण नाही.

हा वाद ऐकून कुणाची बाजू घ्यायची? वाद दोन यंत्रांचा वाटतो, पण तो जोखमीचा आहे. मामा दुसऱ्याचा माल छापतात, म्हणून चूक त्यांना परवडत नाही. भाची स्वतःची पिशवी छापते, म्हणून चूक तिला शिकवते. एकरंगी अक्षरं, ठळक रेघा, ठसठशीत ठिपक्यांचा फोटो, सायनोटाइपची निगेटिव्ह, एवढं घरच्या इंकजेटवर योग्य फिल्म वापरून उत्तम होतं. त्यासाठी सेंटरची पायरी चढायची गरज नाही. एकमेकांवर बसणारे दोन-तीन रंग, भोकांशी जुळणारी मापं, बारीक हाफटोन आणि दुसऱ्याचे पैसे गुंतलेलं कोणतंही काम मात्र मोजून, पट्टी धुऊन, पास झाल्यावरच घरच्या फिल्मवर करावं. एरवी सरळ बाहेरून फिल्म आणावी.

घरी सुरुवात करणाऱ्यांनी एवढं पाळावं. पाकिटावर इंकजेट लिहिलंय की लेझर, ते वाचल्याशिवाय शीट प्रिंटरमध्ये घालू नये. छापलेली बाजू हाताळू नये, पूर्ण वाळू द्यावी. पावसाळ्यात उरलेल्या शीट सिलिका जेलच्या पुडीसह बंद डब्यात ठेवाव्यात, कारण शाई धरणारा लेप हवेतली ओलही धरतो. आणि पहिली फिल्म कधीही खऱ्या कामाची काढू नये. पहिली फिल्म चाचणीच्या पट्टीचीच असावी.